जिमची वर्षाची मेंबरशिप घेऊन ४ महिने झालेत, आता जॉबसाठी जर्मनीला चाललोय, उरलेले पैसे परत मिळतील का?

रोख रिफंड बहुतेक नाही मिळणार, पण मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर करून बरेचसे पैसे सुटू शकतात, आधी तेच बघा. मी पुण्यात एका जिमच्या फ्रंट डेस्कला दोन वर्षं होतो, आमच्या फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात 'फी परत मिळणार नाही' आणि त्याच्याच खाली ट्रान्सफर चार्ज छापलेला असायचा, पहिली ओळ वाचून लोक भांडायला यायचे, दुसरी कोणी वाचायचंच नाही. ८ महिने उरलेत म्हणजे सोसायटीतलं कोणीतरी थोडं स्वस्तात नक्की घेईल. फक्त तोंडी बोलू नका, सेल्सवाला 'बघतो सर' म्हणत तुमच्या फ्लाइटपर्यंत ढकलेल. ऑफर लेटर आणि व्हिसाची कॉपी जोडून मॅनेजरला मेल टाका. पर्सनल ट्रेनिंगची न वापरलेली सेशन्स असतील तर त्याचे पैसे वेगळे मागा, तिथे जरा नरम पडतात.

नाहीच ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, फुकट आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगातही फी लागत नाही.

एकच गोष्ट, मेंबरशिप ईएमआयवर घेतली असेल तर ते जिमचं नाही, फायनान्स कंपनीचं लोन आहे, रागाच्या भरात हप्ता बंद केलात तर सिबिल तुमचंच बिघडेल, जिमला काही फरक पडत नाही.