लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरचं आयुष्य कसं असतं? या धंद्यात उतरावं का?

तुम्ही लिहिलंय की वय 24 आहे, गाडी चालवायचं वेड आहे, ऑफिसात जीव रमत नाही आणि लांबच्या गाडीवर जायचा विचार चाललाय. घरचे मात्र नको म्हणतात. मी 22 वर्षं हेच केलं. आधी दहा टायरचा ट्रक, मग बारा टायरचा. इंदूर लाईन जास्त, कधी बंगळूर, दोनदा कोलकाता. दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याने, म्हणजे क्लचच्या गुडघ्याने, हात टेकले. आता पनवेलजवळ कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मालाला गाड्या ठरवून द्यायचं काम बघतो. घर मानखुर्दला.

तुमच्या प्रश्नात 'रस्ता', 'वेग', 'मोकळीक' असे शब्द आहेत. म्हणून एक फेरी मोजून दाखवतो.

मंगळवारी सकाळी कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाडी लावली. सळई भरायची, पीथमपूरला खाली करायची. इंदूरच्या अलीकडे, पावणेसहाशे किलोमीटर. नंबर लागला संध्याकाळी. गाडी भरून, काटा म्हणजे वजन करून, बिल्टी (मालाची पावती) आणि ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) हातात पडेपर्यंत रात्रीचे अकरा. भिवंडी, कसारा घाट, नाशिक, चांदवड, मालेगाव. दुपारी धुळ्याच्या पुढे झाडाखाली झोप. रात्री बिजासनचा घाट, पहाटे खलघाटला नर्मदेचा पूल, आणि गुरुवारी सकाळी नऊला गेटवर. गेटवरचा माणूस म्हणाला, स्टोअरवाला रजेवर आहे. शुक्रवारी क्रेन बंद. शनिवारी दुपारी गाडी खाली झाली. रविवारी सुट्टी, सोमवारी संध्याकाळी परतीचं भाडं मिळालं, सोयापेंड. बुधवारी सकाळी पनवेल.

आठ दिवस, म्हणजे 192 तास. त्यात चाकं फिरली ती फार तर 36 तास. बाकी सगळं थांबणं. त्यात तुम्हाला झोपता येतं, पण गाडी सोडून जाता येत नाही, कारण ताडपत्री, डिझेल, बॅटरी, स्टेपनी, सगळ्यांवर लोकांचा डोळा असतो. ई-वे बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस. त्या फेरीचं बिल शुक्रवारी मध्यरात्री संपलं, माल गाडीतच, गाडी गेटवरच. मुदत वाढवून घ्यायची तर संपायच्या आठ तास आधी किंवा नंतरच्या आठ तासांतच. मग रात्री बाराला मालकाला फोन, मालकाचा माल पाठवणाऱ्याला फोन, आणि त्याची झोप मोडली म्हणून शिव्या मला. गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे बिल्टीवर छापलेले असतात. माझ्या हातात ते 22 वर्षांत दोनदा पडले.

या थांबण्यात माणूस काय करतो? सुरुवातीला मोबाइल बघतो. तिसऱ्या दिवशी दाभण काढून ताडपत्री शिवतो. गाडीच्या बाजूच्या टूल बॉक्समध्ये पान्यांशेजारीच आमचं मिठा-मसाल्याचं सामान, छोटा गॅस, कुकर. हौद्याच्या सावलीत बसून पिठलं-भात. शेजारच्या गाडीवर पंजाबी असला तर त्याची डाळ आणि आपलं पिठलं, अशी अदलाबदल होते. सोलापूरची शेंगाचटणी एकदा एका सरदारजीला दिली, तो पुढे तीन वर्षं जिथे भेटेल तिथे चटणीच मागायचा.

आता गाडीबद्दल. तुम्हाला आवड आहे म्हणता, ती आवड स्टेअरिंगची की गाडीची, हे तपासून बघा. माझे वस्ताद (किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, असताना आम्ही ड्रायव्हरला वस्तादच म्हणायचो) यांनी पहिले सहा महिने मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. काम एकच: गाडी थांबली की लोखंडी पाना घेऊन खाली उतरायचं आणि प्रत्येक टायरवर ठोकायचं. हवा बरोबर असली की पाना उडून परत हाताला येतो, 'ठण्ण' होतं. कमी असली की आवाज आतल्या आत मरतो, 'भद्द'. मागे जोडटायर असतात. आतला बसला तरी बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरचा सगळं वजन एकटा उचलतो, तापतो, आणि मग भर उन्हात तोही फुटतो. वस्ताद खालीसुद्धा उतरायचे नाहीत. केबिनमध्ये विडी ओढत आवाज ऐकायचे आणि वरून सांगायचे, "उजवीकडचा आतला परत मार." मला नुसतं 'ठण्ण' ऐकू आलेलं असायचं. परत मारला की कळायचं, ते म्हणतात तेच खरं.

घाटाचंही तसंच. बोरघाटात मुंबईकडे उतरताना ब्रेक फेल झाले, अशी बातमी तुम्ही नेहमी वाचता. बऱ्याचदा ब्रेक आपणहून फेल होत नाहीत, केले जातात. मालक फेरीला डिझेल ठरवून देतो. भरलेली गाडी लिटरला चारच्या आसपास देते. इंदूर जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर धरले तर तीनशे लिटर. त्यातलं वाचेल ते ड्रायव्हरचं. मग उतारावर गाडी न्यूट्रल करायचा मोह होतो. गाडी सुटते, वेग आवरायला पाय सतत ब्रेकवर, ब्रेकचे लायनर तापतात, आणि तापलेला लायनर धरत नाही. आधी वास येतो, जळक्या रबरासारखा, थोडा आंबट. तो वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. वस्तादांचा हिशेब सरळ होता: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, आणि एक डोळा ब्रेकच्या हवेच्या काट्यावर ठेव. जुन्या रस्त्याने गेलो की शिंग्रोबाला नाणं टाकायचो. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा हा धनगर, आणि वाट कळल्यावर त्यांनी त्यालाच मारलं, असं सांगतात. नाणं मी अजूनही टाकतो, पण गिअर टाकल्यानंतर.

घराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तुमच्या घरच्यांना खरी भीती त्याचीच असणार.

पूर्वी मुंबईत शिरताना जकात भरावी लागायची. मानखुर्दचा जकात नाका माझ्या घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. म्हणजे शेकडो किलोमीटर आलो आणि घराच्या दारात रांगेत अडकलो, असं नेहमीचं. 2011 च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी दोनला रांगेत लागलो. कागदात काहीतरी खोट निघाली, एजंट गायब. रात्री नऊला बायकोला फोन केला की आज काही जमत नाही. तासाभराने आरशात बघतो तर ती रांगेच्या कडेने ट्रकांच्या पाट्या वाचत येतेय, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाच वर्षांचा पोरगा. आमच्या गाडीचा नंबर तिला पाठ नव्हता, पण मागे मोर रंगवलाय एवढं ठाऊक होतं. पोरगा पहिल्यांदाच केबिनमध्ये चढला. स्टेअरिंगला लोंबकळला, हॉर्न वाजवला, पुढच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून शिवी दिली. मग सीटमागच्या फळीवर झोपून गेला. आम्ही दोघांनी डॅशबोर्डवर डबा उघडला. ती म्हणाली, "इथं घरापेक्षा ऐसपैस आहे की." खोटं नव्हतं. लल्लूभाई कंपाऊंडमध्ये आमची 225 चौरस फुटांची खोली, त्यात सहा माणसं. फेरीवरून आलो की दिवसा झोपायला जागा नसायची. पोरांचा अभ्यास, आईची पोथी, शेजारच्यांचा टीव्ही. कित्येकदा जेवून परत गाडीत जाऊन झोपलोय. ड्रायव्हर गाडीवर एवढं प्रेम का करतात, असं लोक विचारतात. मुंबईत आडवं व्हायला स्वतःची जागा मिळाली की माणूस तिच्यावर प्रेम करतोच. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालताना मालकाला वाटायचं, हा माझ्या गाडीची पूजा करतोय.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात नाके एका रात्रीत बंद झाले. जीएसटीला कोणी काहीही म्हणो, आमच्यासाठी ती रांग गेली. त्या रात्री मी थेट निघून गेलो आणि सवयीने वेग मात्र नाक्यापाशी कमी केला.

झोपेचं सांगतो, कारण यात चूक झाली तर दुसरी संधी नाही. रात्री जागणं सोपं असतं, पहाटे तीन ते पाच अवघड. झोप येताना 'झोप येतेय' असं वाटतच नाही. डोळे उघडे असतात, रस्ता दिसत असतो, आणि अचानक लक्षात येतं की मागचा टोलनाका कधी गेला ते आठवत नाही. माझं हे मालेगावच्या पुढे झालं. किन्नर ओरडला म्हणून समोरचा उसाचा ट्रॅक्टर वाचला, मागे एकही लाल दिवा नव्हता त्याला. त्यानंतर तीन वाजले की गाडी बाजूला, मग मालकाचा फोन येवो नाहीतर यमाचा. तंबाखू, सुपारी आणि त्याहून पुढचं घेऊन रात्र काढणारे आहेत. त्यांच्या गाडीवर किन्नर म्हणूनही बसू नका. कायदा म्हणाल तर 1961 मध्येच आला होता: दिवसाला आठ तास, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. लायसन्स, पीयूसी, परमिट सगळं तपासलं गेलं, पण 'किती तास झाले चालवतोयस?' असं मला 22 वर्षांत कोणी विचारलं नाही.

जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांचा संप झाला तेव्हा तुम्हीही पंपावर रांगेत उभे असाल. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, धडकेत माणूस मेला आणि पोलिसांना न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, 106(2) कलम. पळणं चूकच. पण जमाव आधी ड्रायव्हरला खाली ओढतो आणि चूक कोणाची ते नंतर बघतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. मी पोरांना सांगतो, थांबू नका आणि पळूही नका, थेट पोलीस ठाण्यात गाडी घाला. कायदा त्या जुलैत लागू झाला, तेवढं कलम मात्र मागे ठेवलं.

तब्येतीचं थोडक्यात: लघवीला कुठे थांबायचं म्हणून पाणी कमी पितात, मग मूतखडा. बसून बसून मूळव्याध. उन्हाळ्यात इंजिनची धग खालून आणि ऊन वरून. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे, तेवढं तुमचं नशीब आमच्याहून बरं.

आता करावं का? लगेच ट्रकचं लायसन्स मिळत नाही. कारचं लायसन्स वर्षभर जुनं असावं लागतं, मगच ट्रान्सपोर्टचं शिकाऊ मिळतं. तेव्हा नोकरी सोडायची घाई नको. आठ-दहा दिवसांची रजा काढा आणि कळंबोलीला किंवा वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला जाऊन ओळखीतून एखाद्या जुन्या ड्रायव्हरबरोबर किन्नर म्हणून एक फेरी मारा. चालवायला मिळणार नाही. टायर ठोका, ताडपत्री बांधा, आणि गेटवर जे दोन-तीन दिवस जातील त्यात स्वतःकडे बघा. चिडचिड झाली तर कार घेऊन रविवारी लोणावळ्याला जा, आवड तिथेच भागेल. आणि तिसऱ्या दिवशी आपणहून दाभण शोधायला लागलात तर मला इथेच विचारा, कुठल्या मालकाकडे जाऊ नये ते तरी सांगेन.

निघताना एक जाड चादर, टॉर्च आणि चार दिवसांचे डाळ-तांदूळ जास्तीचे घ्या. घरी सांगा इंदूरला चाललोय. परत कधी येणार ते मात्र सांगू नका.