लाळेची नळी, मोकळी फाइल आणि मावशींची तपासणी

न्यूजर्सीहून तुमचे बंधू दिवाळीला येताना डीएनए तपासणीची पेटी आणणार आहेत, ती वापरावी का, आणि तिच्यातून मिळणारी फाइल मोफत संकेतस्थळांवर अपलोड केल्यास आईच्या आणि मावशींच्या स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात स्वतःविषयी काही कळेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी बावीस वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आणि २०१६ साली स्वतःची लाळही अशाच एका पेटीतल्या नळीत भरून दिली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी ती फाइल म्हणजे काय ते पाहू. तो साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडला की सहा-सात लाख ओळी दिसतात आणि प्रत्येक ओळीत चार रकाने असतात: खुणेचा क्रमांक, गुणसूत्र, त्यावरील जागा, आणि आईकडून व वडिलांकडून आलेले एकेक अक्षर. माझ्या फाइलीत ‘आरएस ४९८८२३५’ या खुणेपुढे २, १३६६०८६४६ आणि ‘जीजी’ असे लिहिले आहे. याचा अर्थ एवढाच, की दुधातली साखर पचवणारे विकर मोठेपणी माझ्या शरीरात फारसे तयार होत नाही. ही गोष्ट पेलाभर दूध प्यायल्यावर माझे पोट मला चाळीस वर्षे फुकट सांगत आले होते. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत आणि अशा पेटीतली लाळ ज्या चिपवर तपासतात ती चिप त्यांपैकी फक्त सहा-सात लाख जागा वाचते, हे मात्र लक्षात ठेवा, कारण तुमच्या काळजीचे उत्तर त्यातच आहे.

स्तनाच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या दोन जनुकांत हजारो घातक बदल नोंदले गेले आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ साली एका कंपनीला ग्राहकांना थेट कळवण्याची परवानगी दिली ती त्यांपैकी केवळ तीन बदलांची, आणि ते तिन्ही प्रामुख्याने पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यूंमध्ये आढळणारे आहेत. पुढे ही संख्या ४४ वर गेली, तरी मराठी घरातल्या स्त्रीला ‘आढळले नाही’ असा अहवाल मिळाला म्हणून तिने निश्चिंत होणे म्हणजे वाड्याच्या दोन खिडक्या लागलेल्या पाहून सगळा वाडा बंद आहे असे समजणे होय. उलट दिशेची चूकही होते. अशा फाइली मोफत संकेतस्थळांवर टाकून ‘धोका आहे’ असे वाचून घाबरलेल्या रुग्णांचे नमुने एका अमेरिकी प्रयोगशाळेने पुन्हा तपासले, तेव्हा धोक्याचे म्हणून दाखवलेल्या बदलांपैकी ४० टक्के त्यांच्या शरीरात नव्हतेच. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णसंख्या लहान होती, पण ज्या घरात त्या आजाराने एक माणूस गेले आहे, त्या घरात असा एक खोटा अहवाल किती रात्री खातो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मी मोकळेपणाचा विरोधक आहे असा समज मात्र करून घेऊ नका. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प चालू असताना १९९६ साली बर्म्युडा बेटावर शास्त्रज्ञांनी ठरवले, की वाचलेला क्रम २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुला करायचा. त्या निर्णयामुळेच आज पुण्यातली किंवा नागपूरची प्रयोगशाळा एखादा बदल क्लिनव्हारसारख्या खुल्या सूचीत पाहून तो घातक की निरुपद्रवी याचा अंदाज बांधू शकते. बीआरसीएवर एका कंपनीने सांगितलेला पेटंटचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये मोडून काढला आणि तपासणी एकाच दुकानात बांधून राहिली नाही. हे सगळे ज्ञान खुले झाले ते सर्वांच्या भल्याचेच झाले. तुमची फाइल हे मात्र ज्ञान नव्हे. ती तुमची आणि तुमच्या नातेवाइकांची सामाईक मालमत्ता आहे, आणि सातबाऱ्यावर इतरांची नावे असताना एकट्याने व्यवहार करू नये, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत तेरा खून करणारा माजी पोलीस एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला. त्याने स्वतः कुठेही लाळ दिलेली नव्हती. गुन्ह्याच्या जागी सापडलेला डीएनए पडताळताना जेडमॅच या मोफत संकेतस्थळावरच्या दूरच्या नातेवाइकांच्या फाइली उपयोगी पडल्या. दूरच्या म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा एक असावेत इतक्या दूरच्या. गुन्हेगार सापडला याचे दुःख कोणाला नाही, पण हीच वाट कोणापर्यंतही जाते. आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. एकाच पोटजातीत पिढ्यानपिढ्या झालेली लग्ने आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल यांमुळे दोन माणसांत समान डीएनए अधिक निघतो, आणि दूरच्या सोयऱ्याला संगणक बिनदिक्कत जवळचा भाऊ म्हणून दाखवतो.

जवळचे नाते मात्र चुकत नाही. माझ्या पत्नीच्या मामेभावाला काही वर्षांपूर्वी स्वीडनमधून एका बाईंचा निरोप आला. सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका संस्थेतून त्या दत्तक गेल्या होत्या आणि दोघांचा सुमारे साडेबारा टक्के डीएनए जुळत होता, म्हणजे त्या सख्ख्या चुलत किंवा आते-मावस बहीण ठरत होत्या. त्या बाईंचा शोध संपूर्णपणे न्याय्य होता. पण त्या संध्याकाळी घरातल्या तीन वृद्ध बहिणींपैकी कोणाला आणि कोणत्या शब्दांत विचारायचे, हा प्रश्न ज्याने गंमत म्हणून नळी भरली त्याच्यापुढे उभा राहिला. त्याने दोन महिने कोणालाच विचारले नाही. अखेर सर्वांत धाकट्या आत्यांनी स्वतःच, देवघरात फुलवाती वळताना, मान वर न करता सांगितले.

फाइल सुरक्षित राहील का, असेही तुम्ही विचारले आहे. २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे १४,००० खाती जुन्याच पासवर्डांनी उघडली गेली आणि नातेवाईक दाखवणाऱ्या सोयीतून ६९ लाख लोकांची माहिती बाहेर पडली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दीड कोटी ग्राहकांचा डीएनए हा विक्रीच्या मालाचा भाग झाला होता. ओपनएसएनपी हे खुले भांडार तर त्याच्या संस्थापकाने त्याच वर्षी आपणहून पुसून टाकले, आणि तो निर्णय मला प्रामाणिक वाटला. विम्याबद्दल थोडक्यात सांगतो: दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘जनुकीय आजार’ या सरसकट सबबीखाली आरोग्यविमा नाकारणे घटनेच्या १४ व्या कलमाविरुद्ध ठरवले. तुमच्या बंधूंना लागू असणारा अमेरिकेचा २००८ चा कायदा मात्र आरोग्यविमा आणि नोकरीपुरताच आहे, आयुर्विम्याला तो लागू नाही.

तेव्हा पूर्वज कुठले याचे कुतूहल असेल तर नळी भरा, नातेवाईक शोधण्याची सोय बंद ठेवा आणि फाइल आणखी कुठे अपलोड करू नका. आजाराच्या प्रश्नासाठी ती पेटी बाजूलाच राहू द्या आणि जनुकीय समुपदेशकाकडे जा. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये कर्करोगाच्या जनुकीय तपासणीसाठी स्वतंत्र विभाग आहे. तिथे पहिला नमुना बहुधा तुमचा मागणार नाहीत. ज्यांना आजार झाला त्यांच्यात बदल सापडला, तर तुमच्यात नेमके काय शोधायचे ते ठरते. त्यांच्यात सापडलाच नाही, तर तुमच्या कोऱ्या अहवालावरून फारसे काही सिद्ध होत नाही. आई आता नाहीत, त्यामुळे बोलायचे ते मावशींशी. फोनवर नको, जाऊन बोला, आणि जाताना त्यांच्या शस्त्रक्रियेचे जुने कागद कुठे ठेवले आहेत तेही विचारून घ्या.