बाईकचे टॅपेट सेट करताना (व्हॉल्व्हची फट जुळवताना) नट टायमिंग चेनच्या पोकळीत पडला, कसा काढू?
आधी एक करा: किक मारू नका, सेल्फला हात लावू नका, गियरमध्ये टाकून गाडी ढकलूही नका. नट टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप चालवणारी इंजिनातली साखळी) आणि स्प्रॉकेट (तिचं दातेरी चाक) यांमध्ये अडकला तर चेन दात सोडू शकते, व्हॉल्व्ह उघडण्याचं टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकू शकतात.

टॅपेटचा नट पोलादी असतो, चुंबकाला चिकटतो. लवचीक दांड्याचं चुंबक टॉर्चच्या उजेडात सावकाश खाली सोडा. ते वाटेत चेनलाच चिकटत राहतं, म्हणून त्यावर प्लॅस्टिकची नळी चढवून फक्त टोक उघडं ठेवा. (तांब्याचा वॉशर पडला असता तर तारेच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून उचलावा लागला असता.)

तरीही नाही सापडला तर ऑइल काढून मॅग्नेटोचं (इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या, वीज तयार करणाऱ्या भागाचं) कव्हर उघडा. बऱ्याच सिंगल सिलिंडर गाड्यांत ही पोकळी तिकडेच उतरते. ‘राहू दे खाली’ असं कुणी म्हटलं तर अजिबात ऐकू नका.