विद्युत मोटार घेण्यापूर्वी : टेस्ट ड्राइव्हविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टाटा नेक्सॉन ईव्ही (45 युनिटांची बॅटरी), एमजी विंडसर (38) आणि ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक (42) या तीन गाड्यांची चार-चार किलोमीटरची फेरी मी घेतली. तिन्ही सारख्याच आवडल्या. आता तुलना कशी करावी? (नाशिक)

उत्तर : पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्याला पहिल्या फेरीत कोणतीही विद्युत गाडी आवडते, कारण ॲक्सिलरेटर दाबताक्षणी पूर्ण जोर मिळतो आणि इंजिनाचा आवाज नसतो. म्हणून निर्णय दुसऱ्या फेरीवर सोपवा. ती आपल्या रोजच्या रस्त्यावर, निदान पंधरा-वीस किलोमीटरची असावी आणि तीत गतिरोधक, एखादा उड्डाणपूल व महामार्गाचा थोडा भाग यावा. तिन्ही गाड्यांना रस्ता तोच, दिवसाची वेळ तीच, माणसे तितकीच, एसी 24 अंशांवर आणि टायरमधली हवा कंपनीने सांगितलेली, एवढे पाळले तरच तुलनेला अर्थ राहतो.

निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि परतल्यावर एका युनिटला किती किलोमीटर मिळाले ते लिहून ठेवा. हे युनिट म्हणजे वीजबिलावरचेच युनिट, एक किलोवॉट-तास. गाडी हा खर्च किलोमीटरमागे वॉट-तासांत दाखवत असेल, तर 1000 ला त्या आकड्याने भागावे. 140 दिसले तर युनिटला सुमारे सात किलोमीटर पडले. 'उरलेली रेंज', म्हणजे शिल्लक चार्जवर गाडी आणखी किती किलोमीटर जाईल हा आकडा, मात्र तुलनेसाठी धरू नका, कारण तो बहुधा गाडी आधी कशी चालवली गेली त्यावरून काढलेला अंदाज असतो आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी दिवसभर अनोळखी हातांत जोरात पळालेली असते.

नेक्सॉनच्या 45 युनिटांच्या बॅटरीसाठी प्रमाणित चाचणीवर आधारलेला कंपनीचा दावा 489 किलोमीटरचा आहे, म्हणजे युनिटला जवळजवळ अकरा. ही चाचणी ठरावीक वेगक्रमाने घेतली जाते आणि तीत वेग ताशी 90 च्या पुढे जात नाही. एसी लावून, चार माणसे घेऊन युनिटला सात किलोमीटर मिळाले तर रेंज 315 किलोमीटर होते. घरचे गणित या आकड्यावर मांडावे.

प्रश्न : सत्तरीचे आई-वडील नेहमी मागे बसतात. त्यांच्या दृष्टीने काय पाहावे? (पुणे)

उत्तर : टेस्ट ड्राइव्हला त्यांना बरोबर न्या, आणि निम्मा वेळ आपणही मागे बसा. बहुतेक विद्युत गाड्यांत बॅटरी पायांखाली असल्यामुळे मागची जमीन उंचावते. सीट त्या मानाने उंच नसेल तर गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही आणि तासाभरात कंबर बोलू लागते. हे चार किलोमीटरांत कळत नाही, म्हणून गाडी उभी करूनही त्यांना वीस मिनिटे बसवून ठेवा. विंडसरच्या मागच्या सीटची पाठ बरीच मागे कलते, ही सोय वयस्करांना खरोखर उपयोगी आहे. पण चढउतार त्यांना आधाराशिवाय जमते का, हे त्याहून महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट रिजनरेशनची. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर गाडीचा वेग ओढून धरते व बॅटरीत वीज परत भरते. ही ओढ जास्त ठेवली तर मागे बसलेल्याची मान पुढे-मागे होते आणि मळमळते. नेक्सॉन व क्रेटामध्ये ती स्टिअरिंगमागच्या पॅडलने कमी-जास्त करता येते. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन्ही पातळ्यांवर गाडी चालवून आई-वडिलांनाच विचारा. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही ओढ मंद असते, तेव्हा 70-80 टक्के चार्ज असलेली गाडी मागून घ्यावी.

प्रश्न : ठाण्याहून महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. बोरघाटात रेंज किती घटेल? (ठाणे)

उत्तर : भरलेली गाडी सुमारे 1800 किलोची धरली, तर खोपोलीहून लोणावळ्यापर्यंतच्या साधारण साडेपाचशे मीटरच्या चढाला, नेहमीच्या खर्चाव्यतिरिक्त, तीन युनिट लागतात, म्हणजे रेंजमधले वीस-एक किलोमीटर. परतताना त्यातला काही भाग रिजनरेशनने परत मिळतो. खरी झळ सपाट रस्त्यावरच्या वेगाची बसते. ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. म्हणून प्रत्येक गाडी एकदा पाच किलोमीटर 80 वर आणि एकदा 100 वर चालवून दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा. ज्या गाडीत या दोन आकड्यांतला फरक कमी, ती तुमच्या प्रवासाला अधिक योग्य, मग तिची बॅटरी थोडी लहान का असेना.

प्रश्न : सोसायटीच्या तळघरात पार्किंग आहे. तेथे पुरवठा 15 अँपिअरच्या सॉकेटचा आहे. चालेल का? (कल्याण)

उत्तर : रोज 50-60 किलोमीटर होत असतील तर चालेल. त्या सॉकेटवर गाडी ताशी तीनेक युनिट घेते, म्हणजे आठ तासांत चोवीस. 7.2 किलोवॉटचा चार्जर हवा असेल तर मंजूर भार (जोडणीवर एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादा) वाढवावा लागेल. त्यासाठी सोसायटी आणि महावितरण या दोघांशी गाडी बुक करण्याआधी बोलून घ्या, कारण त्यानंतरची बोलणी पुष्कळदा लांबतात. आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी एकदा घरी आणून, पाच माणसे बसवून त्या तळघराच्या उतारावरून खाली-वर करा. गाडीचे पोट घासते का आणि चार्जिंगची केबल खांबाला वळसा न घालता पोचते का, हे शोरूमच्या फरशीवर कळणार नाही.