पटेक १५१८ वर बोली लावण्याआधी

कॅटलॉगमधला फोटो बघून हुरळून जाऊ नकोस. १५१८ हे पटेक फिलिप या स्विस कंपनीच्या जुन्या मनगटी घड्याळाचं मॉडेल. स्टीलच्या १५१८ ला नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनीव्हात १ कोटी १० लाख स्विस फ्रँक आले, पण स्टीलमध्ये ज्ञात आहेत त्या चारच. तुझ्यासमोर आलेली सोन्याची आहे. तो भाव इथे लावायचा नाही.

आधी डायल. दहापट भिंग घे आणि 'Genève' (जिनीव्ह) या नावातल्या è अक्षरावरची बारीक तिरकी रेघ शोध. जुन्या पटेकवर ही अक्षरं कडक मिन्याची, किंचित उठावदार असतात. डायल घासूनपुसून साफ केली की पहिला बळी त्या रेघेचा जातो. मग पट्टा अडकवायच्या शिंगांवरचा सोन्याच्या शुद्धतेचा ठसा बघ. तो पुसट दिसला तर केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, भरपूर पॉलिश झालंय, समज. मला तर चरे पडलेली, पण हात न लागलेली केसच आवडते.

कंपनीच्या जुन्या नोंदींतला उतारा (अर्काइव्ह उतारा) हवाच, पण तो नंबर आणि तारखा सांगतो, डायल अस्सल असल्याची हमी देत नाही.

आणि हो, हातोडा पडतो त्या किमतीवर लिलावघराचं साधारण २५ टक्के किंवा त्याहूनही जास्त कमिशन, शिवाय भारतात आणायचं तर कस्टम ड्युटी. हे धरूनच कमाल आकडा आदल्या रात्री कागदावर लिहून ठेव.