हातभर अंतरावर दोन तेरडे: मध्ये डोंगर नसला तरी जाती फुटतात

तुम्ही लिहिलंत: तुमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) तेरड्याची दोन रूपं शेजारीशेजारी, एकाची फुलं मोठी, दोघांचा संकर केला तर बी सुरकुतलेलं. आणि तुमचे संशोधनाचे मार्गदर्शक म्हणतात, मध्ये डोंगर किंवा नदी नसेल तर नवी जाती होणं शक्यच नाही. वनस्पतींत हा नियम चालत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन-आयडाहोच्या सीमेवर, युरोपातून आलेल्या ट्रॅगोपोगॉन या सूर्यफुलाच्या कुळातल्या रोपाच्या जातींचे संकर झाले, त्यांतली गुणसूत्रं दुप्पट झाली आणि १२ ऐवजी २४ गुणसूत्रांच्या दोन जाती तिथेच उभ्या राहिल्या. १९५० साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. अशी झाडं मूळ जातींशी जुळली तर बी बहुधा भरतच नाही, भरलं तरी रोप जवळपास वांझ.

तुमच्याकडे हेच घडलंय असं मी म्हणत नाही. सड्यावर जिथे खळग्यात माती साचते तिथे तेरडा तसाही फोफावतो. दोन्हींचं बी एकाच मातीत, एकाच आकाराच्या कुंड्यांत लावा. फरक टिकला तरच पुढे जा. मोठी पर्णरंध्रं, मोठे परागकण ही गुणसूत्रं दुप्पट झाल्याची नुसती कुणकुण, पुरावा नव्हे.

संकर दोन्ही बाजूंनी करा: मोठ्याचा पराग लहानावर, लहानाचा मोठ्यावर. शिवाय मोठा-मोठा, लहान-लहान हेही हवेत, नाहीतर बी संकरामुळे सुरकुतलं की तुमच्या हाताळणीमुळे, हे कळणार नाही. परागकोशांची टोपी कळीतच काढा. बोंड टचकन फुटतं, म्हणून त्याला मलमलची पिशवी बांधा.

सगळ्यात जास्त वाया जातं ते पुढे. गुणसूत्रं एका झाडाच्या मुळांतली मोजतात आणि हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी) दाबतात शेजारचं! ती मोजणी मग कोणाच्याच कामाची नसते. झाड एक, क्रमांक एक. तोच मुळाच्या कुपीवर, दाबलेल्या नमुन्यावर आणि बियांच्या पाकिटावर, पेन्सिलीने, कारण अल्कोहोलमध्ये शाई जाते. तेरडा वर्षायू. ऑक्टोबरनंतर सडा करपला की चूक सुधारायला पुढचा पाऊस. खुणेची चिठ्ठी बुडाशी बांधा, चतुर्थीच्या दिवसांत वर दिसणारं काहीही माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीसाठी) खुडलं जाऊ शकतं.

गुणसूत्रं मोजायला मुळांची टोकं सकाळी घ्या. लिटरभर पाण्यात ०.२९ ग्रॅम ८-हायड्रॉक्सीक्विनोलीन (पेशींचं विभाजन मध्येच थांबवणारं रसायन), त्यात ३ ते ४ तास, १५ ते १८ अंशांवर. आपल्या दमट उकाड्यात उघड्यावर ठेवलीत तर गुणसूत्रांचा लगदा होतो. थर्मासमध्ये गार पाणी वापरा. मग ३ भाग अल्कोहोल, १ भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, रात्रभर. हे मिश्रण त्याच दिवशी करा, शिळं काम करत नाही. रंगवणं-दाबणं तुम्हाला येतच असेल.

नमुने गोळा करायच्या परवानगीचं मात्र मे महिन्यातच उरका. एक कार्यालय (नाव नको) अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरवत राहतं आणि होकार देतं तेव्हा सड्यावर गवतही हिरवं नसतं. पोचपावतीशिवाय अर्ज देऊ नका.

साध्या तेरड्यात १४ गुणसूत्रं असतात. मोठ्यात २८ निघाली तर मार्गदर्शकांना स्लाइड दाखवा. दोन्हींत १४च असतील तर ऑगस्टपासून दर चौथ्या दिवशी कोणतं रूप कधी फुलतं आणि कोणता कीटक येतो ते लिहा. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर हाविया नावाच्या ताडवर्गीय झाडांच्या दोन जाती प्रामुख्याने जमीन आणि फुलण्याचा काळ वेगळा असल्यानेच वेगळ्या राहिल्या आहेत.