वाचक विचारतात: कॉन्स्टेबलचं घर कोण चालवत होतं?

गेल्या अंकात जॉन कॉन्स्टेबलवर एक पान लिहिलं होतं. इंग्लंडमधल्या सफक भागात ईस्ट बर्गहोल्ट नावाच्या गावात १७७६ साली जन्मलेला, गावाजवळची स्टूर नदी, पाणचक्क्या आणि वरचं आभाळ हेच मुख्यतः रंगवत राहिलेला आणि १८३७ साली लंडनमध्ये वारलेला लँडस्केप पेंटर, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर भरपूर पत्रं आली, निम्मी पैशांबद्दलच. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, काही निवडली आहेत.

सर, मी जी.डी. आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी रोज वाद होतो. वडील म्हणतात नुसत्या निसर्गचित्रांवर कोणाचं पोट भरलंय, पोर्ट्रेट कर नाहीतर अ‍ॅनिमेशन शिक. तुमचं पान त्यांना दाखवलं तर म्हणाले, त्याच्या बापाची गिरणी असेल, विचार तुझ्या सरांना. (कराड)

वडिलांना माझा नमस्कार सांग, कारण गिरणी खरंच होती. एक नाही, फ्लॅटफर्डची आणि डेडमची अशा दोन पाणचक्क्या, शिवाय धान्याचा व्यापार आणि माल लंडनला न्यायला स्वतःचं जहाज. जॉन हा दुसरा मुलगा, थोरल्याला मानसिक अपंगत्व होतं म्हणून धंदा जॉननेच बघावा अशी बापाची अपेक्षा होती आणि काही काळ त्याने गिरणीत कामही केलं, पण मन लागेना. शेवटी धाकटा भाऊ एब्रम धंद्यात आला, आणि १७९९ मध्ये बावीस वर्षांचा जॉन लंडनला रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या संस्थेच्या शाळेत दाखल झाला, घरच्या पैशांवर. १८०२ मध्ये त्याला सैनिकी शाळेत ड्रॉइंग मास्तरची पक्की नोकरी मिळत होती, ती त्याने नाकारली. आता हे "नाकारली" वाचायला फार बाणेदार वाटतं पण मागे गिरणी चालू होती हे विसरू नकोस.

आणि पोर्ट्रेटचं म्हणशील तर कॉन्स्टेबलने ती वर्षानुवर्षं केली. आसपासच्या जमीनदारांची, शेतकरी कुटुंबांची, आईच्या आग्रहाने चर्चसाठी धार्मिक चित्रं सुद्धा केली, आणि ती काही फार ग्रेट नाहीत, माझं मत विचारशील तर. १८१६ साली एका जनरलच्या इस्टेटीचं चित्र कमिशनवर केलं (विव्हन्हो पार्क, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे), ते पैसे त्याला लग्नाला उपयोगी पडले. लग्नाचीही वेगळीच कथा. मराया बिकनेल नावाची मुलगी, १८०९ पासून प्रेम, पण तिचे आजोबा म्हणजे त्याच्याच गावचे धर्मगुरू, पैसेवाले, आणि त्यांना हा बिनकमाईचा चित्रकार नातजावई म्हणून अजिबात मंजूर नव्हता, लग्न केलंस तर वारशातून नाव काढीन अशी भीती. सात वर्षं नुसती पत्रं. जॉनचे वडील १८१६ च्या मे महिन्यात गेले, धंद्यातला त्याचा वाटा एब्रमकडून नियमित यायला लागला, आणि ऑक्टोबरमध्ये दोघांनी लंडनमध्ये लग्न उरकलं.

लँडस्केप पेंटर म्हणून खऱ्या अर्थाने नाव झालं ते १८१९ मध्ये, 'द व्हाइट हॉर्स' या सहा फुटी चित्राने. ते घेतलं जॉन फिशर नावाच्या जवळच्या मित्राने, शंभर गिनीला (गिनी म्हणजे पौंडाहून थोडं जास्त). म्हणजे पहिलं मोठं गिऱ्हाईक पण मित्रच! वय तेव्हा ४३. त्याच वर्षी अकॅडमीचं असोसिएट सभासदत्व मिळालं, आणि पूर्ण सभासद व्हायला १८२९ उजाडलं, तेही फक्त एका मताच्या फरकाने. त्याच्या आदल्या वर्षी सासरे वारले आणि वीस हजार पौंड मागे ठेवून गेले, तेव्हा त्याने मित्राला लिहिलं की आता मी सहा फुटी कॅनव्हाससमोर निवांत मनाने उभा राहीन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मराया क्षयाने गेली, सात मुलं मागे ठेवून.

तर वडिलांचा हिशोब बरोबर आहे. पण त्यांना एक गोष्ट माझ्यातर्फे सांग, गिरणीने त्याला फक्त पैसे दिले नाहीत, विषय दिला. घरची एक पवनचक्कीही होती, आणि ती चालवणाऱ्याला वारा आणि ढग वाचता यावेच लागतात, नाहीतर चक्कीची पाती मोडतात. एब्रम म्हणायचा की जॉनने काढलेली चक्की बघितली की ती फिरेल असं वाटतं, बाकीच्यांच्या चित्रातल्या चक्क्यांचं तसं नसतं. तुझ्या घरी काय धंदा आहे ते तू लिहिलं नाहीस. जो असेल तो, तिथे बसून स्केचिंग कर. आणि हो, पोर्ट्रेट पण कर, चार वर्षं कर, त्यात कमीपणा काही नाही.

कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' (गवत वाहायची गाडी) हे चित्र ऑन द स्पॉट केलंय का? आमच्या शाळेत मुलांना दाखवते तेव्हा मुलं विचारतात गाडी पाण्यात का उभी आहे. (कलाशिक्षिका, सांगली)

नाही मॅडम, सव्वाचार फूट बाय सहा फुटाचं चित्र आहे ते, लंडनमधल्या घरी स्टुडिओत केलेलं, १८२१ च्या अकॅडमीच्या प्रदर्शनासाठी. जागा मात्र खरी, फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळची, डावीकडचं घर विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं. ती जागा त्याने आधी कितीतरी वेळा छोट्या ऑइल स्केचमध्ये केली होती, आणि मोठ्या चित्रांसाठी त्याची पद्धत अशी की फायनल कॅनव्हासच्या आधी तेवढ्याच साइजचं एक अख्खं रफ स्केच ऑइलमध्येच करायचं. म्हणजे सहा फुटाचं चित्र दोनदा! त्या काळात असा खर्च आणि असा वेळ कोणी घालवत नव्हतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ते रफ आहे, आणि मला विचाराल तर काही ठिकाणी फायनलपेक्षा ते जास्त जिवंत आहे, ब्रश कसा सपासप चाललाय ते दिसतं.

आणि गंमत बघा, गाडी नीट आठवेना म्हणून त्याने गावाकडून तिचं ड्रॉइंग मागवून घेतलं. म्हणजे लहानपणापासून बघितलेली वस्तू, तरी अंदाजाने नाही काढली. मुलांना हे जरूर सांगा.

गाडी पाण्यात आहे कारण तिथे नदीला उतार आहे, बैलगाडी ओढ्यातून उतरवतात तसंच. गाडी रिकामी आहे, उजवीकडे लांब शेतात नीट बघितलं तर गवत कापणारी माणसं दिसतात, तिकडे निघालीय.

हेच चित्र लंडनमध्ये विकलं गेलं नाही. अ‍ॅरोस्मिथ नावाच्या पॅरिसच्या डीलरने दुसऱ्या एका सहा फुटीबरोबर ते घेतलं, एक छोटं चित्र वर टाकून सगळे मिळून २५० पौंड. १८२४ च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात लागलं आणि राजा दहाव्या चार्ल्सकडून सुवर्णपदक मिळालं. पठ्ठ्या स्वतः मात्र फ्रान्सला गेला नाही, आयुष्यात इंग्लंडच्या बाहेरच गेला नाही.

पावसाळ्यात लँडस्केप केलं की हिरवा रंग कच्चा दिसतो, प्लास्टिकसारखा. कॉन्स्टेबलची झाडं इतकी हिरवी असून तशी का वाटत नाहीत? (रत्नागिरी)

कोकणात राहून हा प्रश्न पडला नसता तरच नवल. कॉन्स्टेबलच्या वेळी उलटा प्रॉब्लेम होता, लोकांना हिरवा चालतच नसे. जुन्या चित्रांवरचं वार्निश पिवळं तपकिरी पडलेलं, तेच बघून बघून लँडस्केप म्हणजे तपकिरी असा समज झालेला. सर जॉर्ज ब्यूमाँट म्हणून मोठे कलासंग्राहक होते, त्यांचं मत की चित्राचा टोन जुन्या व्हायोलिनसारखा असावा. कॉन्स्टेबलने काय केलं, एक जुनं व्हायोलिन घेतलं आणि घरासमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवलं. बघा म्हणाला.

आता तुमचं. देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराने कॉन्स्टेबलचं म्हणणं नोंदवून ठेवलंय की त्याची कुरणं भारी दिसतात कारण त्यात एक हिरवा नसतो, वेगवेगळे हिरवे शेजारी शेजारी असतात. ट्यूबमधला तयार हिरवा घेऊन सगळ्या झाडांवर फिरवला की प्लास्टिक होणारच. पिवळट, निळसर, काळपट, राखाडी असे वेगळे मिक्स करा आणि पॅलेटवर एकजीव करू नका. दुसरं म्हणजे खालचा ग्राउंड, कॅनव्हासवर आधी दिलेला रंगाचा थर. कॉन्स्टेबल बरेचदा तांबूस तपकिरी ग्राउंडवर काम करायचा आणि तो मधेमधे उघडा सोडायचा, त्यामुळे वरचा हिरवा थोडा शांत होतो. तिसरं, लाल. 'हे वेन'मध्ये घोड्यांच्या साजावर लाल आहे, इतकुसा, तो झाकून बघा प्रिंटवर, अख्खं चित्र मलूल होतं. कोकणात तर लाल माती आयती आहे, ती ओली असताना बघा.

ढगांचे स्टडी त्याने का केले? मी वॉटरकलर करतो, ढग करेपर्यंत आभाळ बदलतं. (पुणे)

बदलणारच. बेंजामिन वेस्ट, अकॅडमीचे अध्यक्ष, त्यांनी कॉन्स्टेबलला तरुणपणीच सांगितलेलं की ऊन आणि सावली कधी एका जागी थांबत नाहीत. ढगांवर खरा जोर त्याने १८२१ आणि १८२२ मध्ये दिला, मरायाच्या तब्येतीसाठी लंडनबाहेर हॅम्पस्टेडला घर घेतलं होतं तेव्हा. टेकडीवरचा भाग, मोकळं आभाळ. कागदावर ऑइल, छोटी साइज, आणि मागे तारीख, वेळ, वारा कुठून, पाऊस आधी पडला का नंतर, असं लिहून ठेवलेलं. काही स्टडीत जमीनच नाही, नुसतं आभाळ. त्याच्याकडे हवामानावरचं थॉमस फॉर्स्टरचं पुस्तक होतं, त्यात समासात स्वतःच्या टिपा लिहिलेल्या. लोक त्याला सांगत की आभाळ मागच्या पडद्यासारखं ठेव, फार पुढे येतंय, आणि त्याचं म्हणणं बरोब्बर उलटं, चित्रातली भावना मुख्यतः आभाळातून येते असं त्याने फिशरला लिहिलंय.

वॉटरकलरमध्ये वॉश वाळायची वाट बघताना ढग निघून जातो, म्हणून स्टडीपुरतं गुवाश (अपारदर्शक जलरंग) किंवा ऑइल वापरून बघा. आणि मागे तारीख, वेळ टाका, हे फार कंटाळवाणं वाटतं पण जूनमधला वळवाचा ढग आणि ऑगस्टमधला ढग यातला फरक तेव्हाच हातात येतो.

टर्नर मोठा की कॉन्स्टेबल? (डोंबिवली)

हे लता की आशा सारखं झालं. मी कॉन्स्टेबलवाला आहे हे तुम्हाला कळलंच असेल, पण टर्नर, त्याच्याच काळातला इंग्रज लँडस्केप पेंटर, त्याचा आवाका मोठा होता, मान्य करायलाच हवं. वयात फक्त एक वर्षाचं अंतर, पण टर्नर सव्विसाव्या वर्षी अकॅडमीचा पूर्ण सभासद आणि हा बावन्नाव्या. १८३२ चा किस्सा मात्र सांगतो. प्रदर्शनात दोघांची चित्रं शेजारी लागली, कॉन्स्टेबलचं वॉटर्लू ब्रिजच्या उद्घाटनाचं, लाल सोनेरी झगमगाटाचं, अनेक वर्षं घासलेलं, आणि टर्नरचं करडं समुद्रचित्र. टांगलेल्या चित्रांवर शेवटचा हात फिरवायच्या दिवसांत टर्नर आला, दोन्हीकडे बघितलं, आपल्या करड्या समुद्रावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. कॉन्स्टेबल म्हणाला, इथे येऊन बंदूक झाडून गेला. नंतर टर्नरने त्या ठिपक्याला आकार देऊन पाण्यातला बोया (खुणेचं तरंगतं पिंप) केला. तो दिवस टर्नरचाच. कॉन्स्टेबलही काही संत नव्हता, १८३१ मध्ये चित्रं टांगायच्या कमिटीवर असताना स्वतःचं सॅलिसबरी कॅथीड्रल चांगल्या जागी लावून टर्नरचं हलवलं म्हणून टर्नर चिडला होता. ते कॅथीड्रलचं चित्र टेट या लंडनच्या कलासंग्रहालयाने २०१३ मध्ये २ कोटी ३१ लाख पौंडांना घेतलं, हे त्या शंभर गिनीच्या शेजारी ठेवून बघा.

त्याची मुलं चित्रकार झाली का? (पणजी)

लायनेल झाला, आणि इतका वडिलांसारखा की त्याची काही चित्रं १९७० च्या दशकापर्यंत जॉनची म्हणून चालली होती, अभ्यासकांनी मग वेगळी काढली. इझाबेलने १८८८ मध्ये घरात राहिलेला मोठा साठा म्युझियमला देऊन टाकला, स्केचेस आणि ढग आज बघायला मिळतात ते बरेचसे तिच्यामुळे. आणि चार्ल्सचा आपल्याकडे संबंध आहे, तो लहान वयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत समुद्रावर गेला, पुढे मुंबईत तळ असलेल्या इंडियन नेव्हीत अधिकारी झाला आणि इराणच्या आखाताचा सर्व्हे केला. म्हणजे इंग्लंड न सोडणाऱ्या माणसाचा पोरगा मुंबईच्या बंदरातला.

मुलीकडे लंडनला चाललेय, काय बघू? वेळ कमी आहे, गुडघे पण दुखतात. (नाशिक)

ताई, मग दोनच ठिकाणं. नॅशनल गॅलरीत 'हे वेन', फुकट आहे आणि समोर बसायला मिळालं तर दहा मिनिटं बसा. आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ते रफ आणि स्केचेस. जाण्याआधी ती भिंतीवर आहेत का हे मुलीला वेबसाइटवर बघायला सांगा, कागदावरची कामं कायम लावत नाहीत. फ्लॅटफर्डला जायचं झालं तर लिव्हरपूल स्ट्रीटहून मॅनिंगट्रीला ट्रेन, साधारण तासाभराची, पण पुढे शेतातून जवळपास तीन किलोमीटर चालणं आहे, त्यापेक्षा मुलीची गाडी काढायला लावा. विली लॉटचं घर अजून आहे, बाहेरूनच बघायचं.